मधले पैसे

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्या कंबरेला धक्का लागू नये म्हणून नमस्कार लांबूनच केला आहे, तो गोड मानून घे.

स्टुलावर चढून पंखा पुसायला तुला कुणी सांगितलं होतं, हा माझा राग अजून गेलेला नाही. पण आता पडलाच आहेस तर लेकीकडे निवांत पडून राहा आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत इकडे येण्याचं नाव काढू नकोस. दुकान नीट चाललं आहे. शटर अर्ध्यात अडकलं की खालून लाथ मारायची असते, हे तू मला सांगितलं नव्हतंस. शेजारचे शिक्केवाले धावत आले आणि त्यांनी दाखवलं. तुझ्या खुर्चीची उशी उसवली होती, ती शिवून टाकली. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्याच बुडाखाली उसवलेली उशी, लोक काय म्हणतील?

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे, ती आधी सांगते. गणवेशाच्या कारखान्याच्या मालकीणबाई काज करायचं मशीन घेऊन आल्या. मी उघडायला घेतलं तर म्हणाल्या, की याला तुम्ही हात लावू नका, हे दादांच्या ओळखीच्या त्या मशीन कंपनीच्या मेकॅनिककडे पाठवा. मी विचारलं, कोण मेकॅनिक? तर त्यांनी त्याचे पोवाडेच गायला सुरुवात केली. अवघड मशीन आलं की दादा त्याच्याकडे पाठवतात, त्याच्या हाताला तोड नाही, मशीन परत येतं ते नव्यासारखं. दादा, लग्नानंतर इतकी वर्षं मी घरी बसून तुझी मशीनं दुरुस्त करते आहे. शाळेची आहेत, गरीब बायकांची आहेत, जास्त पैसे मागता येत नाहीत, असं सांगून तू माझ्याकडे सगळं भंगार पाठवायचास आणि मी ते गुपचूप करायचे. आणि चांगली मशीनं त्या माणसाला? माझ्या पोटात दुखलं म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मला सांग तरी तो कोण.

दुसरी बातमी. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली आणि सगळं पाणी शिक्केवाल्यांच्या गाळ्यात उतरलं. रबराच्या पट्ट्या, लाकडी मुठी, अक्षरं पाडायचं यंत्र, सगळ्याची वाट लागली. इमारतीच्या विम्याचा माणूस भिंती बघायला आला होता. पंखा आपल्याच दुकानात चालू होता म्हणून येऊन बसला. दरवर्षी मालकाचा मॅनेजर आपल्याला चिठ्ठी पाठवतो ना, इमारतीच्या विम्याचा तुमच्या गाळ्याचा हिस्सा इतका, ती भिंतीवर टोचलेली त्याला दिसली. तो हसला आणि म्हणाला, की एवढे पैसे विमा कंपनीला पोचतच नाहीत. एजंट आकडा फुगवून घेतो, त्यातलं जाडजूड कमिशन मागच्या दाराने इमारतीच्या मालकाला परत जातं, आणि ते सगळं विमा म्हणून भाडेकरूंकडून वसूल होतं. बोलून झाल्यावर त्याला वाटलं असावं की आपण जास्त बोललो, कारण लगेच उठून गेला. तुला हे माहीत होतं का?

पथ्य पाळ. लोभ आहेच, तो असाच राहू दे, पण मेकॅनिकचा खुलासा आधी येऊ दे.

तुझी,
बेबी


ता. ११ फेब्रुवारी

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. वाचून कंबर जास्त दुखली.

पहिली गोष्ट, उशी उसवलेली नव्हती. हाडाला जागा मिळावी म्हणून मी ती एका बाजूने मोकळी ठेवली होती. आता ती पुन्हा उसव. दुसरी गोष्ट, शिक्केवाले माझ्या शेजारी इतकी वर्षं बसतात. मी रोज सकाळी त्या शटरशी झुंजायचो तेव्हा हा गृहस्थ वर्तमानपत्रातून मान वर करायचा नाही. तुझ्यासाठी मात्र धावत आला! माणसाने पडावं म्हणजे शेजारी कसे आहेत ते कळतं.

विम्याच्या भानगडीत तू पडू नकोस. तो माणूस दोन घटका पंख्याखाली बसला आणि काहीबाही बरळला, त्यावर दुकानं चालत नाहीत. मॅनेजरसाहेब माझे जुने स्नेही आहेत. बाकीचे भाडेकरू त्यांच्या टेबलापुढे उभे असतात, मला ते बसायला खुर्ची देतात आणि चहा मागवतात. हे नातं जपायला मला वर्षं लागली, तू ते चार दिवसांत मोडून ठेवशील. गाळा माझ्या नावावर आहे हे विसरू नकोस. तू मशीनं बघ, चिठ्ठ्या मी आल्यावर बघेन.

मेकॅनिकचं विचारतेस, तर त्याची लांब बदली झाली. पत्ता माझ्याकडे नाही. बाईंना सांग, की तो आता मिळणार नाही. हा विषय इथेच संपव.

इथे लेक फार करते. सकाळी काठी घेऊन गच्चीत चालतो. समोरच्या रस्त्यावर एक शिलाई मशीनचं दुकान आहे, त्या माणसाला पट्टा बदलता येत नाही हे इथूनसुद्धा दिसतं.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.

तुझा,
दादा


ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. उशी उसवली. आता तरी हस.

रागावू नकोस, पण मी भानगडीत पडले आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई त्यांच्या आईचं पायमशीन घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता मी विम्याच्या माणसाची गोष्ट काढली. त्यांनी विचारलं, की तुमच्या करारात काय लिहिलंय? करारात लिहिलंय, की इमारतीच्या विम्याचा खर्च भाडेकरूंनी वाटून द्यायचा. त्या म्हणाल्या, की जो पैसा फिरून मालकाच्याच खिशात जातो तो खर्च कसला? पैसा नुसता या हातातून त्या हातात सरकवायचा आणि मधले पैसे ठेवून घ्यायचे, तेही न सांगता, याला खर्च म्हणत नाहीत. मग त्यांनी दुसऱ्या एका विमा कंपनीला विचारलं, की याच इमारतीचा असाच विमा किती पडेल. आकडा आला. आपण जवळजवळ दीडपट भरतोय दादा, तेही वर्षानुवर्षं.

सगळे गाळेवाले मिळून मालकाकडे गेलो. आधी त्याने उडवून लावलं. वकीलबाईंनी कोर्टाचं नाव काढल्यावर मऊ झाला. कोर्टात गेलं तर एजंटाकडून काय काय आलं ते सगळं उघड करावं लागेल, ते त्याला नको आहे. म्हणतो, की मागचे पैसे परत देतो, पण मार्चअखेरपर्यंत प्रत्येक गाळ्याच्या भाडेकरूची सही एकाच कागदावर हवी. एक जरी बाहेर राहिला तर देणार नाही, मग एकेकाने कोर्टात जा आणि बसा. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या. आपल्या गाळ्यावर तुझं नाव, म्हणून तुझी राहिली. कागद सोबत पाठवते आहे. सही करून उलट टपाली धाड. शिक्केवाल्यांचा सगळा जीव या पैशांत अडकला आहे. इमारतीचा विमा भिंतींचा, त्यांच्या मालाचा नाही. पैसे आले तर नवं यंत्र येईल, नाही तर गाळा सोडावा लागेल असं त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

आता तुझा मेकॅनिक. बदली झाली म्हणून सुटका होत नाही त्याची. आणखी दोन गिऱ्हाइकांनी त्याची चौकशी केली. एक म्हातारा शिंपी तर म्हणाला, की त्याने लावलेलं मशीन बोलतसुद्धा नाही, नुसतं काम करतं. मी त्याच्यापुढे त्याचंच मशीन लावत होते. माझ्या कानशिलावर बसलं ते वाक्य. घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर उगाच ओरडले. त्याचं वय काय, तो शिकला कुठे? बाबांनी आपल्या दोघांना शिकवलं तसं त्याला कुणी शिकवलं? एकदा त्याचं काम उघडून बघायला मिळालं तर बरं होईल, निदान जळायचं तर नीट बघून तरी जळेन.

कागदाची वाट पाहते. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
बेबी


ता. १ मार्च

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा सा. न. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे, म्हणून तू उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

बाबांची तब्येत चांगली आहे, स्वभावाची नाही. तुझा कागद आला तेव्हापासून तो त्यांच्या उशाखाली आहे. काढतात, वाचतात, परत ठेवतात. सही करत नाहीत. त्यात शिक्केवाले काकांचं चार पानी पत्र आलं. त्यातली साडेतीन पानं तुझ्यावर. तू किती हुशार, तू मालकासमोर कशी बोललीस, तू आलीस आणि इमारतीत जान आली. उरलेल्या अर्ध्या पानात बाबांच्या कंबरेची चौकशी. बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मला विचारलं, की मी इतकी वर्षं तिथे बसून काय माशा मारत होतो का? मी त्यांचं ताट वाढलं. जेवणात मीठ कमी आहे म्हणाले, आणि मीठ बरोबर होतं.

आत्या, मला भीती वाटते ती वेगळीच. त्यांनी मॅनेजरला पत्र लिहिलं आणि माझ्याकडूनच पेटीत टाकून घेतलं. मी विचारलं तेव्हा सांगितलं, की गाळ्याचा भाडेकरू मी आहे, बहीण तात्पुरती बसली आहे, तिला बोलायचा अधिकार नाही, माझी काही तक्रार नाही, मी आल्यावर आपण बसून बोलू, असं लिहिलंय. म्हणजे काम बिघडावं असं त्यांच्या मनात नाहीये बहुतेक. काम व्हावं, पण ते त्या खुर्चीत बसून त्यांनी केलेलं असावं, एवढंच. मी हे टपालात टाकायला नको होतं.

तू त्या मेकॅनिकबद्दल लिहिलंस तेही मी वाचलं. मी लहानपणी शाळा सुटली की दुकानातच असायचे, मला असा कुणी माणूस आठवत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, चहा टाक.

मला रागावू नकोस. तुझ्या मायेची नेहमीइतकीच भुकेली,

तुझी भाची


ता. ९ मार्च

दादा,

आज नमस्कार नाही.

काल मॅनेजरने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. 'बहीण तात्पुरती बसली आहे' हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मग म्हणाला, की इमारतीतला सर्वांत जुना भाडेकरू समाधानी आहे, त्याची सही नाही, तेव्हा मालक आता बांधील नाहीत. मार्चअखेरीला हे सगळं बंद. वकीलबाई भांडल्या. शिक्केवाले भांडले नाहीत. ते खाली आले आणि भिंतीवरची पाटी उतरवायला लागले. मी शिडी धरली. मी कुणाला तोंड दाखवू शकत नव्हते.

एवढंच असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण आज सकाळी कारखान्याच्या मालकीणबाई आल्या. मेकॅनिक मिळणार नाही म्हटल्यावर काजाचं मशीन शेवटी मीच केलं होतं. ते त्यांना पसंत नव्हतं असं नाही, पण मला समजावं म्हणून त्यांनी पिशवीतून एक चिंधी काढली. त्या मेकॅनिकने दुरुस्तीनंतर मशीनच्या सुईखाली ठेवलेला नमुना म्हणे, जपून ठेवला होता. असा टाका पडायला हवा, म्हणाल्या.

हिरव्या पट्ट्यांचं कापड दादा. माझ्या जुन्या चादरीचं. आणि टाका बाहेरून आत गोल गोल गेलेला. सरळ रेघेत मशीन आपली खोड लपवतं, वळणावर लपवू शकत नाही, म्हणून मी नेहमी गोल शिवून बघते. बाबांनी कधी असं केलं नाही, तू कधी केलं नाहीस. ती चिंधी हातात घेऊन मी उभीच राहिले. बाई विचारत होत्या, की जमेल का तुम्हाला असं?

मी त्यांना विचारलं, की या कामाचे दादांनी किती घेतले होते. त्यांनी सांगितलं. मेकॅनिकचे वेगळे लावले होते म्हणे, कंपनीचा माणूस आहे म्हणून. त्यातला चौथा हिस्साही माझ्यापर्यंत आलेला नाही. गरीब शाळेचं मशीन होतं ना ते!

आता सांग, मालकाने काय वेगळं केलं? तोही म्हणत होता की विम्याचेच पैसे आहेत. तूही म्हणत होतास की गरिबांचीच मशीनं आहेत. मधले पैसे दोघांनी ठेवले आणि वरून आम्ही उपकार मानायचे. मालकाचं निदान मला काही वाटत नाही, तो माझा कुणी लागत नाही.

माझं काय करायचं ते नंतर बघू. पण शिक्केवाल्यांनी तुझं काय वाकडं केलं आहे? सही कर. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, तुझा मेकॅनिक म्हणून सांगते.

बेबी


ता. १८ मार्च

चि. बेबीस,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो. सवय आहे.

सही केलेला कागद सोबत आहे. मॅनेजरलाही वेगळं पत्र टाकलं, की माझं आधीचं पत्र रद्द समजा, बहीण जे बोलेल ते माझंच बोलणं समजा, आणि बाकी सगळ्यांइतकीच माझीही तक्रार आहे. लेकीने ते वाचून मगच पेटीत टाकलं. तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला आहे आणि ते बरोबरच आहे.

आता बाकीचं. तुला आठवत असेल, मी मशीनला तेल घातलं की बाबा ते पुन्हा एकदा चालवून बघायचे. तू घातलंस की न बघता गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. त्यांनी दुकान मला दिलं, पण न बघता देण्याची ती गोष्ट मला कधी मिळाली नाही. मी तुझ्यावर तेव्हापासून जळतो आहे. पहिलं अवघड मशीन तुझ्या हातून सुधारून आलं, तेव्हा गिऱ्हाइकाने विचारलं, की कुणी केलं हो हे? तुझं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो तुझा पत्ता मागायला आला असता आणि मी त्या खुर्चीत बसून नुसते पत्ते सांगत राहिलो असतो. तोंडातून निघालं, कंपनीचा मेकॅनिक. पैशांचं तेव्हा डोक्यातसुद्धा नव्हतं. कंपनीचा माणूस म्हटल्यावर लोक आपण होऊन जास्त देऊ लागले. पहिल्या खेपेला वाटलं, तुला देऊ. दुसऱ्या खेपेला वाटलं, पुढच्या वेळी देऊ. नंतर वाटायचंच बंद झालं.

आणि गंमत ऐक. पुढे पुढे लोक त्या मेकॅनिकचं इतकं कौतुक करायला लागले, की मी बनवलेल्या माणसाचंच मला बघवेना. म्हणून तर त्याची बदली करून टाकली.

मालकाचा मला राग आला नाही, कारण त्याने ते कसं केलं असेल हे मला आतून कळत होतं. तू विम्याच्या चिठ्ठीमागे लागलीस तेव्हा मला वाटलं, आज ना उद्या ही माझ्यापर्यंत येणार. म्हणून थांबवायला गेलो. पण शपथेवर सांगतो, भीती कमी होती, जळणं जास्त होतं. जी गोष्ट माझ्या नाकासमोर भिंतीला टोचलेली होती, ती तू आल्या आल्या वाचलीस.

आपल्या गाळ्याचे जे परत येतील ते तू ठेव. शिक्केवाल्यांना पाटी परत लावायला सांग. मला लिहिणार नसशील तर लेकीला लिही, मी तिच्याकडून मागून वाचेन.

माया मागायचा हक्क नाही, वाट पाहायचा आहे.

तुझा,
दादा


ता. १२ एप्रिल

ती. दादास,

सा. न. पूर्ण वाकून नाही, अर्धाच. उरलेला बाकी ठेवला आहे.

कागद वेळेत पोचला. वकीलबाईंनी तो स्वतः मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि पोच घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. पैसे सगळ्यांना मिळाले. पुढच्या वर्षापासून विम्याची मूळ पावती चिठ्ठीबरोबर जोडायची असंही लिहून घेतलं. शिक्केवाल्यांनी यंत्राचे पैसे भरले, पाटीही लावली, थोडी तिरकी लागली आहे. त्यांना मी तुझ्या कबुलीच्या पत्राचं काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, की मॅनेजरने तुला फसवून लिहून घेतलं. परवा सगळ्यांनी मिळून चहा केला आणि भाषण कुणाचं झालं सांगू? तुझं. म्हणजे तुझ्यावर. सर्वांत जुना भाडेकरू, कंबर मोडलेली असताना अंथरुणातून सही पाठवली, जुन्या मैत्रीची पर्वा केली नाही. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. माझे हात इतके जड कधी झाले नव्हते. तेव्हा जळणं हे आपल्या घरात एकट्या तुझ्याच वाट्याला आलेलं नाही, एवढं समाधान करून घे.

आपल्या गाळ्याचे पैसे मी ठेवले. पण ते मालकाचे होते. तुझ्याकडचे वेगळे, ते मी सोडलेले नाहीत. भाऊ म्हणून तुला कधीतरी माफ करेन, दुकानदार म्हणून सगळे वसूल करेन. त्याची घाई नाही.

मला झोंबलं ते दुसरंच. पैसे परत मागता येतात, वकील मिळतात, कागद होतात. पण तो शिंपी माझ्यासमोर बसून म्हणाला होता, की त्याने लावलेलं मशीन बोलतसुद्धा नाही. ते कौतुक माझं होतं दादा. माझ्या कानात पडलं आणि मी त्याच्यावर जळून घरी गेले. अशी कितीतरी वाक्यं तुझ्या दुकानात इतकी वर्षं बोलली गेली असतील. ती तू कुठून परत आणणार?

काल कारखान्याच्या मालकीणबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांचं सगळ्यात महागाचं, भरतकामाचं मशीन घेऊन. मेकॅनिकचा काही पत्ता लागला का, विचारलं. मी चिंधी मागून घेतली, टेबलावर ठेवली, शेजारी नवीन कापड ठेवलं आणि त्यांच्यासमोर गोल शिवून दाखवलं. म्हटलं, तो मेकॅनिक मीच. बाईंनी दोन्ही कापडं उजेडात धरून पाहिली. खूप वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहून हसल्या, माझी कीव आल्यासारख्या, आणि म्हणाल्या, की तुम्ही त्यांची नक्कल छान केली आहे हो, पण दादा येऊन सांगेपर्यंत मी मशीन इथे ठेवणार नाही.

घेऊन गेल्या.

तेव्हा डॉक्टरांना विचार आणि ये. काठी टेकत ये, पण ये. त्या बाईंच्या दारात तुला मी स्वतः घेऊन जाणार आहे.

तुझी,
बेबी